जर्मनच्या क्लासात आपली भाषा हवी

बडोद्यात आता जर्मनचा क्लास शोधावा लागत नाही. अलकापुरी, फतेगंज, मांजलपूर, कुठेही जा. ‘आयईएलटीएस’ या इंग्रजीच्या परीक्षेच्या पाटीखाली ‘जर्मन, ए-वन ते बी-टू’, म्हणजे पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत, अशी आणखी एक ओळ दिसते. शिकणारेही नाना प्रकारचे. नर्सिंग करून तिकडच्या इस्पितळात जाऊ पाहणाऱ्या मुली, इंजिनिअरिंग संपवून मास्टर्सला निघालेली मुलं, नवऱ्याकडे जायचं म्हणून ए-वनचं सर्टिफिकेट हवं असलेल्या नव्या सुना. शिवाय माझ्यासारखे काही जण, ज्यांचं निम्मं आयुष्य मकरपुऱ्याच्या कारखान्यांत जर्मन मशिनांच्या सोबतीने गेलं आणि ज्यांना उतारवयाच्या उंबरठ्यावर वाटलं की ही भाषा एकदा नीट यायला हवी. सगळे इथलेच. घरी मराठी किंवा गुजराती, बाजारात गुजराती, सिनेमाला हिंदी. क्लासात मात्र जर्मन शिकवतात ती इंग्रजीतून.

हे असंच का, असं कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण हा आता हौशी मंडळींपुरता विषय राहिलेला नाही. जर्मन सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा देण्याची तयारी जाहीर केली. जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्या बहुतेकांना २००७ पासून ए-वनची परीक्षा द्यावी लागते. नर्सला तर बी-टूच्या आसपास पोचल्याशिवाय वॉर्डात स्वतंत्रपणे उभं राहता येत नाही. लोक पगारातून पैसे बाजूला काढून क्लासची फी भरतात आणि त्या परीक्षेवर घरातल्यांचे बेत अवलंबून असतात. अशा वेळी भाषा कुठल्या वाटेने शिकवली जाते याला महत्त्व आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. मोठेपणी भाषा शिकणाऱ्याकडे लहान मुलाचा कान नसतो, हे खरं. पण त्याच्याकडे एक संपूर्ण, पक्की, वर्षानुवर्षं वापरलेली भाषा असते आणि तेच त्याचं सर्वांत मोठं भांडवल असतं. मराठी माणसाच्या बाबतीत हे भांडवल जर्मनसाठी विलक्षण उपयोगाचं आहे. इंग्रजी माध्यमाचा क्लास पहिल्याच दिवशी ते बाजूला ठेवायला लावतो आणि त्या जागी बऱ्याच जणांच्या अंगवळणी अर्धवटच पडलेली तिसरी भाषा उभी करतो. मग जे सोपं आहे तेही अवघड होऊन बसतं.

सुरुवात अक्षरांपासून होते. लिपी रोमन, म्हणून डोळा लगेच इंग्रजी वाचू लागतो. ‘डब्ल्यू’ दिसला की इंग्रजी व, ‘झेड’ दिसला की इंग्रजी झ, ‘जे’ दिसला की ज. जर्मनमध्ये यातलं काहीच खरं नाही. तिथे डब्ल्यूचा उच्चार आपल्या साध्या ‘व’च्या जवळचा, व्हीचा बहुतेक जर्मन शब्दांत ‘फ’, जेचा ‘य’ आणि झेडचा ‘त्स’. पाणी म्हणजे ‘वासर’, वडील म्हणजे ‘फाटर’, वर्ष म्हणजे ‘यार’, वेळ म्हणजे ‘त्साइट’. इंग्रजी वाचनाची सवय आधी मोडायची आणि मग जर्मनची लावायची, असं दुहेरी काम पहिल्या आठवड्यातच गळ्यात पडतं. त्याऐवजी पहिले काही दिवस शब्द देवनागरीत फळ्यावर लिहिले, तर ही अडचण उभीच राहत नाही. जर्मनचं लेखन इंग्रजीपेक्षा कितीतरी नियमित आहे. एकदा नियम कळले की न ऐकलेला शब्दही बहुतेक वेळा बरोबर वाचता येतो. लिहिलं तसं वाचायचं ही सवय आपल्याला बाराखडीपासून आहे. ‘स्पेलिंग’ नावाची वेगळी भीती आपल्याला इंग्रजीने दिली, आणि ती भीती घेऊन जर्मनकडे जाण्याचं काही कारण नाही.

तो ‘त्स’ तर आपल्या घरचाच आहे. मराठीत दोन च आहेत: ‘चिमणी’तला एक आणि ‘चांगला’, ‘चोर’, ‘चमचा’ यांतला दुसरा. लिपीत ते वेगळे दाखवत नाहीत, पण मराठी मूल ते लहानपणीच, कुणी न शिकवता, वेगळे उच्चारायला लागतं. जर्मन झेड म्हणजे हा दुसरा च. दहा म्हणजे ‘त्सेन’, आगगाडी म्हणजे ‘त्सूक’. दोन्हींची सुरुवात ‘चोर’सारखी करा, काम झालं. माझ्या गुजराती मित्रांना हा आवाज मुद्दाम शिकावा लागतो, इंग्रजांनाही शब्दाच्या सुरुवातीला तो जड जातो. आपल्याला कुणी नुसतं सांगायला हवं की तो तुमच्याकडे आहे. तीच गोष्ट ‘जागा’मधल्या ज ची. तो जरा सैल सोडला की जर्मनमधल्या शब्दारंभीच्या ‘एस’च्या जवळ जातो. ‘मी’ या अर्थाच्या ‘इश’ या शब्दाचा शेवट मात्र खरा श नाही. तो आवाज हवा असेल तर ‘ह्याला’मधला ‘ह्य’ कुजबुजत म्हणून पाहावा. तोंडात जीभ बरोबर त्या जागी जाते. ‘बूख’, ‘आख’ यांतला घशातला ख आपल्या ख पेक्षा वेगळा आहे, पण ज्या शहरात उस्ताद फैयाज खाँ दरबार-गायक होते त्या शहरात ‘ख़याल’ या शब्दाचा मूळ उच्चार कानी पडलेला माणूस सापडतोच.

आणि र? जर्मनचा र घशातूनच काढला पाहिजे असं सांगून क्लासात लोकांना गुळण्या केल्यासारखे आवाज काढायला लावतात. बव्हेरियात, ऑस्ट्रियाच्या काही भागांत आणि स्वित्झर्लंडमध्ये जिभेच्या टोकाचा, आपल्यासारखा कंप पावणारा र सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा नाही. त्यावर घालवलेला वेळ खऱ्या अडचणींवर घालवावा.

त्या खऱ्या अडचणी आहेत आणि तिथे मराठी उपयोगाला येत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. जीभ ‘ई’साठी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे करायचे, किंवा जीभ ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’चे, असे स्वर आपल्याकडे नाहीत. शब्दाच्या शेवटी घोष, म्हणजे गळ्यात कंप होणारं, व्यंजन अघोष होतं: लिहिताना शेवटी ‘ग’ असला तरी दिवस म्हणजे ‘टाक’, आणि ‘ड’ असला तरी कुत्रा म्हणजे ‘हुंट’. आपण तिथे ग आणि ड ठणकावून म्हणतो. सर्वांत अवघड आहे स्वरांची लांबी. ‘श्टाट’ आखूड आ ने म्हटलं तर शहर आणि लांब आ ने म्हटलं तर राज्य. मराठी बोलण्यात इ-ई, उ-ऊ यांच्या लांबीने अर्थ बदलत नाही. ऱ्हस्व-दीर्घ आपण कानाने लिहीत नाही, शाळेत नियम पाठ करून लिहितो, आणि म्हणूनच त्यात इतक्या चुका होतात. त्यामुळे जर्मनमधला हा फरक आपल्याला सुरुवातीला ऐकूच येत नाही. इंग्रजी माध्यमाच्या क्लासात ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती अडचण इंग्रजीभाषकाची नाही, आपली आहे. आपल्या भाषेतून शिकवण्याचा फायदा फक्त सोपं दाखवण्यात नाही. आपल्याला नेमकं काय जड जाणार आहे, तेही त्याच शिकवण्यातून कळतं.

आता आकडे. ए-वनच्या ऐकण्याच्या परीक्षेत, म्हणजे मुलं ज्याला ‘होरेन’ म्हणतात त्यात, टेलिफोनवरचे निरोप, स्टेशनवरच्या घोषणा, किमती आणि वेळा असतात. मधला भाग एकदाच ऐकवतात. माणसं तिथे अडकतात ती बहुधा आकड्यांवर. सत्तेचाळीस म्हणजे ‘झीबेनउंटफिर्त्सिश’: आधी सात, मग चाळीस. इंग्रजीतून शिकवणारा सांगतो की जर्मन आकडे उलटे आहेत, ‘फॉर्टी-सेव्हन’ मनात उलटवून घ्या. जो माणूस आयुष्यभर सत्तेचाळीस, पंचवीस, त्र्याऐंशी म्हणत आला आहे त्याला कसलं उलटं? सात आधी आणि चाळीस मागून, हा क्रम त्याच्या जिभेवर आहे. गुजरातीतही ‘सुडतालीस’ तसाच. मनात इंग्रजी आकडा आणून तो उलटवण्यात जो क्षण जातो, त्याच क्षणी पुढचा आकडा निसटतो.

आधी एकक, मग दशक या क्रमाची एक मजेदार कहाणी आहे. नॉर्वेने १९५१ मध्ये अधिकृतपणे हा क्रम बदलला आणि आधी दशक, मग एकक अशी पद्धत शाळांत आणली. जर्मनीत बोखुमच्या एका गणितज्ञाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ‘त्स्वान्त्सिशआइन्स’ नावाची संस्था निघाली. नावाचा शब्दशः अर्थ ‘वीस-एक’. शाळेत मुलांचे आकडे लिहिताना अदलाबदल होतात म्हणून जर्मन आकडे तसेही वाचायची मुभा असावी, अशी तिची मागणी आहे. आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, तेव्हा जो गदारोळ झाला तो आपल्याला आठवत असेल. दोन भाषा, हजारो किलोमीटरचं अंतर, आणि वाद शब्दागणिक तोच. त्या वादात कोण बरोबर, हा इथला मुद्दा नाही. आकड्यांच्या बाबतीत मराठी आणि जर्मन माणूस एकाच बाकावर बसलेले आहेत, आणि त्यांच्यात इंग्रजीचा दुभाषा आणून बसवणं अनाठायी आहे.

अडीच वाजले हे जर्मनमध्ये ‘हाल्प द्राय’, म्हणजे तिसऱ्याचा अर्धा. इंग्रजीतून येणारा ‘हाफ पास्ट थ्री’ समजतो आणि तासभर उशिरा पोचतो. आपला ‘अडीच’ही संस्कृत ‘अर्धतृतीय’वरून, त्याच हिशोबाने आलेला आहे. वर्गात हे एका वाक्यात सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. आपल्याच घरांतली इंग्रजी माध्यमाची मुलं ‘सत्तेचाळीस म्हणजे किती?’ असं विचारतात. दांडिया बाजारात वाढलेल्या, घरी शुद्ध मराठी बोलणाऱ्या कुटुंबांतही पन्नाशीच्या पुढचे आकडे इंग्रजीतच येतात. अशा मुलांना आकड्यांचा हा फायदा मिळणार नाही. पण वाक्याचा मिळेल, कारण वाक्य त्यांचं अजून मराठीच आहे.

वाक्याबद्दल इंग्रजी माध्यमाचा क्लास काय सांगतो? गौण वाक्यात क्रियापद शेवटी ‘फेकायचं’. ‘कारण मी ते पुस्तक विकत घेतलं आहे’ याचं जर्मन: ‘वाइल इश दास बूख गेकाउफ्ट हाबे’. कारण, मी, ते, पुस्तक, विकत घेतलं, आहे. शब्दामागून शब्द आपलाच क्रम, अगदी शेवटच्या ‘आहे’पर्यंत. यात फेकाफेक कसली आली? मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी आणावं लागतं, ते मात्र शिकायला हवं. ती सवय आपल्याला नाही. ‘मला थंडी वाजते’, ‘मला हे आवडतं’ इथे मराठीत ‘मी’ नसून ‘मला’ असतो. जर्मनमध्येही ‘मिअर इस्ट काल्ट’, ‘मिअर गेफेल्ट दास’, म्हणजे चतुर्थीच. ज्याने शाळेत विभक्तीची कोष्टकं पाठ केली आणि संस्कृतला पैकीच्या पैकी गुणांची आशा धरली, त्याला जर्मनच्या चार विभक्ती म्हणजे निम्मंच काम. तीन लिंगांबद्दल फार लिहीत नाही. तो-ती-ते म्हणणाऱ्याला ‘देअर-दी-दास’ची कल्पना समजवावी लागत नाही, फक्त कुठला शब्द कुठल्या लिंगात हे पाठ करावं लागतं, आणि ते सगळ्यांनाच करावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला सर्वांत मोलाची वाटते आणि तिच्याकडे क्लासात कुणी पाहत नाही. आपल्या बोलण्यात ‘की’, ‘ना’, ‘तर’, ‘बघू’, ‘बरं’, ‘च’ असे बारीक शब्द पेरलेले असतात. वाक्याचा अर्थ त्यांनी बदलत नाही, पण सूर बदलतो, माणसामाणसांतलं अंतर बदलतं. जर्मन बोलण्यातही ‘माल’, ‘या’, ‘डॉख’, ‘हाल्ट’, ‘एबेन’ असे शब्द पावलोपावली येतात. इंग्रजीत त्यांना नीट जोड नाही, म्हणून इंग्रजी माध्यमाच्या वह्यांत त्यांच्यापुढे ‘फिलर’ असं लिहून मोकळे होतात. ‘कॉम माल हेअर’ म्हणजे ‘ये बघू इकडे’. ‘तू येत नाहीस?’ असं कुणी विचारलं आणि उत्तर ‘डॉख!’ आलं, तर त्याचा अर्थ ‘येतो की!’. हे शब्द वगळून बोललेलं जर्मन व्याकरणाला धरून असतं आणि कानाला कोरडं लागतं. आजारी म्हाताऱ्या बाईशी वॉर्डात बोलणाऱ्या नर्सला हे ‘माल’ आणि ‘डॉख’ येणं हा काही शोभेचा भाग नाही. हुकूम आणि आर्जव यांतला फरक तिथे एवढ्याशा शब्दाने होतो.

मग येतो तो समज: जर्मन भाषा कर्कश आहे. शिकायला येणारे तसं उघड म्हणणार नाहीत, पण क्लासात बोलायची वेळ आली की बहुतेकांचा आवाज आपोआप चढतो, जबडा आवळतो, प्रत्येक शब्दावर ठोसा बसतो. कारण त्यांनी जर्मन ऐकलेली असते ती युद्धपटांत, ओरडणाऱ्या गणवेशातल्या माणसांच्या तोंडून. आधी ठरवून ठेवलेला आवाज ते स्वतःच्या तोंडून काढतात. जर्मन कानाला तुटक वाटते याची साधी कारणं आहेत. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी घसा क्षणभर बंद होतो, त्यामुळे शब्द एकमेकांत वितळत नाहीत. ‘हेर्प्स्ट’सारख्या शब्दांत शेवटी तीन-चार व्यंजनं एका ठिकाणी येतात. जोर शब्दाच्या मुळावर स्पष्ट पडतो. यात रागाचा काही संबंध नाही. झोपेत असलेल्या बाळाशीही जर्मन आई हीच व्यंजनं वापरून बोलते.

भाषांचा गोडवा मोजायचा एक मोठा प्रयत्न २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्रजी, चिनी आणि अरबी-हिब्रूसारख्या सेमिटिक भाषा बोलणाऱ्या ८२० लोकांना २२८ भाषांतली ध्वनिमुद्रणं ऐकवली. कुठलीही भाषा सर्वांना गोड किंवा सर्वांना कठोर वाटली, असं काही निघालं नाही. ओळखीची वाटणारी भाषा लोकांना अधिक आवडली, एवढंच ठळकपणे दिसलं.

बडोदेकर मराठी माणसाला हे विशेष लागू आहे. आपली भाषा ‘भांडल्यासारखी’ वाटते, गुजराती कशी मधाळ, हे इथे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. ण, ळ, ठ, ढ यांनी भरलेली मराठी ज्याच्या कानावर लहानपणापासून नाही, त्याला ती खडबडीत वाटत असेल. पण या शेऱ्याचा परिणाम मी पाहिला आहे. चारचौघांत मराठी बोलताना आवाज उतरवणारी, मुलांशी लिफ्टमध्ये मुद्दाम दुसऱ्या भाषेत बोलणारी घरं याच शहरात आहेत. ज्यांच्या भाषेला हा शिक्का बसलेला आहे, त्यांनी तोच शिक्का दुसऱ्या भाषेवर मारणं मला मान्य नाही. कान तयार झाला की कर्कशपणा उरत नाही. जर्मन रेडिओवरच्या बातम्या आज मला संथ, स्वच्छ आणि नीट मांडलेल्या वाटतात. सुरुवातीला त्या तशा वाटत नव्हत्या. रेडिओ तोच आहे.

कान मोठेपणी तयार होतो का? १९८४ मध्ये जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं की इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतला त आणि ट वेगळा ऐकतं, पण वर्षाचं होईपर्यंत ती क्षमता बरीचशी जाते. हे वाचून पुष्कळ जण हात टेकतात. २०१८ मध्ये सुमारे ६.७ लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या माहितीवरून हार्टशोर्न, टेनेनबाउम आणि पिंकर यांनी हिशोब केला की व्याकरण आत्मसात करण्याचा वेग सतराव्या-अठराव्या वर्षानंतर घटतो. तोही मोठ्यांना नाउमेद करायला वापरला जातो. पण वेग घटणं म्हणजे दार बंद होणं नव्हे. जपानी प्रौढांना इंग्रजीतला र आणि ल वेगळा ऐकू येत नाही. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी त्यांना अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजांतले शब्द ऐकवून तालीम दिली आणि त्यांचा कान सुधारला. पुढे १९९७ च्या एका अभ्यासात असंही दिसलं की कान सुधारल्यावर उच्चारही सुधारतो, तोंडाची वेगळी तालीम न देता. यातून शिकवण्याबद्दल दोन गोष्टी निघतात: ऐकणं आधी यायला हवं, आणि ते एकाच आवाजातून नको. बहुतेक क्लासांत ‘होरेन’ची तयारी परीक्षेच्या आधी दोन आठवडे मॉक टेस्टमधून होते. तोवर कानावर जर्मन पडलेली असते ती एकट्या शिक्षकाची, बऱ्याचदा मराठी-गुजराती वळणाची.

याच गावात १८९३ मध्ये विशीतले एक गृहस्थ संस्थानच्या नोकरीत आले होते, सातव्या वर्षापासून इंग्लंडमध्ये वाढलेले. अरविंद घोष. नोकरी करता करता आणि पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवता शिकवता ते इथे संस्कृत, मराठी, गुजराती शिकले आणि स्वतःची बंगालीही नीट इथेच शिकले. त्यांची प्रतिभा सगळ्यांना नसते, पण वीस-तीस वर्षांचा माणूस नवी भाषा शिकू शकतो याला निदान बडोद्याने तरी शंका घेऊ नये.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, की जर्मन जर्मनमधूनच शिकवावी. जर्मन शिकवणाऱ्या मॅक्स म्युलर भवनातली पुस्तकं तशीच असतात. तसं उत्तम शिकवणारा शिक्षक असेल तर मला काही म्हणायचं नाही. पण आपल्या गल्लीतल्या क्लासात ते होत नाही. तिथे समजावण्याची वेळ येतेच, आणि समजावणं इंग्रजीत होतं. दुसरा, की वर्ग मिश्र असतो, एकट्या मराठीत कसं शिकवणार? खरं आहे, आणि मी एकट्या मराठीचा आग्रह धरतही नाही. आकड्यांचा क्रम, तीन लिंगं, शेवटचं क्रियापद, ‘मला’ची रचना हे सगळं गुजरातीत आहेच. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती समजत नाही असं सहसा होत नाही. शिक्षकाने गुजरातीत समजावलं आणि दोन च सारख्या ठिकाणी मराठी मुलांना त्यांची खूण दाखवली, तरी पुष्कळ झालं. तिसरा आक्षेप पालकांचा: पुढे तिकडे इंग्रजीच उपयोगी पडेल. विद्यापीठात पडेलही. वॉर्डात, वर्कशॉपमध्ये, बेकरीत, शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांशी बोलताना पडणार नाही.

परकं ज्ञान आपल्या भाषेतून द्यायचं, ही कल्पना बडोद्याला नवी नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, तेव्हा यंत्रविद्या आणि रंगविद्येचं शिक्षण देशी भाषेतून झालं पाहिजे हा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. १९३१ मध्ये राज्याने ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ छापला, त्यात कारभाराचे इंग्रजी शब्द गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगालीत शेजारी-शेजारी मांडले होते. त्या कामाला आज अगदी लहान जोड द्यायची आहे: जर्मन शिकणाऱ्या मराठी-गुजराती प्रौढांसाठी चाळीसेक पानांची एक पुस्तिका, देवनागरी आणि गुजराती लिपीतल्या उच्चारांसह, आकड्यांचा तक्ता आमनेसामने, आणि आपल्याला न ऐकू येणाऱ्या स्वरांच्या जोड्या. विद्यापीठातले भाषाविज्ञानाचे आणि मराठी-गुजरातीचे अध्यापक एका सुटीत ती तयार करू शकतील. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीने संध्याकाळी एक खोली आणि दोन स्पीकर दिले, तर फी न परवडणाऱ्या नर्सिंगच्या मुलींनाही जर्मन ऐकता येईल. पहिला महिना वही उघडूच नये. फक्त ऐकायचं: वेळा, किमती, नावं, फलाट क्रमांक, घरचे पत्ते, म्युनिकचा माणूस, हाम्बुर्गची बाई, व्हिएन्नाची म्हातारी, लायप्झिगचं शाळकरी पोर, सगळ्यांच्या आवाजात. आणि ऐकलेलं देवनागरीत टिपायचं.